उष्टावण

'उष्टें' या शब्दाला आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. दुसऱ्याच्या ओंठाला लागलेला पेला, दुसऱ्यानें दांत लावलेलें फळ, दुसऱ्याच्या पानांत उरलेला भात, हें सारें निषिद्ध म्हणून आपणांस लहानपणापासून शिकविलें जातें. उष्ट्या हातानें वाढूं नये, उष्ट्या तोंडानें हिंडूं नये. आणि अट्टल कृपण तर उष्ट्या हातानें कावळाही हांकीत नाहीं. शबरीच्या बोरांचा तेवढा अपवाद सर्वांस पाठ आहे. परंतु वाल्मीकीच्या रामायणांत शबरी बोरें चाखून पाहते असा उल्लेखच नाहीं. तिला तीं उष्टीं करावयास लावलें तें मागाहूनच्या भक्तांनीं. अशा या बदनाम शब्दावरून मुलाच्या आयुष्यांतील एका मंगल दिवसाला नांव मिळावें, याचें मला नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. संस्कृतांत त्या दिवसाला अन्नप्राशन म्हणतात. तो शब्द शुद्ध आहे, सोंवळा आहे, पण त्यांत मूल दिसत नाहीं. 'उष्टावण' म्हटलें कीं वाटींतली खीर दिसते, तींत बुडालेलें बोट दिसतें, आणि जगाच्या अन्नाला प्रथमच तोंड लावणारा एक नवा जीवही दिसतो.

माझा सारा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेला. त्यामुळें अशा वेळीं त्या भाषेंतला शब्द शेजारीं ठेवून पाहण्याची खोड मला जडली आहे. इंग्रजींत या प्रसंगाला 'वीनिंग' म्हणतात. त्या धातूचा मूळ अर्थ 'संवय लावणें' असा होता; जर्मन भाषेंतील त्याचें भावंड अजूनही त्याच अर्थाला धरून आहे. इंग्रजींत मात्र तो अर्थ हळूहळू फिरला, आणि नव्या अन्नाची संवय लावणें मागें पडून आईचें दूध तोडणें हाच भाव पुढें आला. वास्तविक अन्न सुरू झालें म्हणून दूध तोडावयाचें नसतें. दोन वर्षांपर्यंत, आणि मायलेकरांची इच्छा असल्यास त्यापुढेंही, दोन्ही बरोबरच चालावींत असें आजचे वैद्य सांगतात. तेव्हां या एका बाबतींत तरी आमचा उष्टा शब्द त्यांच्या शब्दापेक्षां अधिक खरा ठरतो.

असो. हें सर्व सुचण्याचें निमित्त म्हणजे माझी नात. कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली आणि कांहीं महिने राहिली, त्यामुळें नातीचें उष्टावण आमच्याच घरीं झालें. मुलगा असेल तर सम महिना आणि मुलगी असेल तर विषम, असा आपला संकेत आहे. त्याप्रमाणें आमच्या मातोश्रींनीं सातवा महिना धरला. इकडे डॉक्टरांनीं सांगितलें कीं सहा महिने पुरे झाल्यावांचून कांहीं देऊं नका. सहा पुरे म्हणजेच सातवा चालू. पंचांगाचें व वैद्यकाचें असें विनासायास एकमत झालेलें पाहून मातोश्रींच्या मनांत डॉक्टरांविषयीं प्रथमच आदर उत्पन्न झाला.

आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं आधींच ठाऊक होतें, असा डंका पिटण्याचा मोह अशा वेळीं पुष्कळांस होतो. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत सहाव्या महिन्यांत अन्नप्राशन सांगितलें आहे हें खरें. आणि सहा महिने केवळ आईचेंच दूध द्यावें असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ मध्यें घेतला हेंही खरें. त्यापूर्वीं चार ते सहा महिने अशी ढिली मर्यादा होती, आणि १९५०नंतरच्या दशकांत अमेरिकेमध्यें तर कांहीं आठवड्यांच्या अर्भकालाही शिजविलेलीं धान्यें व गाळलेलीं फळें भरविण्याची चाल पडली होती. परंतु ज्या सूत्रांत सहावा महिना आहे त्याच सूत्रांत दहीं, मध व तूप मिसळलेलें अन्न सांगितलें आहे. आणि वर्षाच्या आंतील मुलाला मधाचें बोटही लावूं नये असें आज निक्षून सांगतात. मधांत क्वचित् एका जंतूचे बीजाणू असतात. ते तान्ह्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करितात. हा रोग १९७६ मध्यें कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेला. पोषण इच्छिणाऱ्यानें बोकडाचें आणि ब्रह्मतेज इच्छिणाऱ्यानें तित्तिर पक्ष्याचें मांस मुलाला द्यावें, असेंही तेथेंच लिहिलें आहे. आमच्या उपाध्यायांनीं ही यादी वाचून दाखविली नाहीं. आणि शेवटीं एक आंखूड वाक्य आहे, कीं मुलगी असेल तर हा विधि मंत्रांवांचूनच करावा. माझ्या नातीसाठीं मीं मंत्र मुद्दाम म्हणवून घेतले. सूत्रकारांचा सहावा महिना घ्यावयाचा आणि हें वाक्य टाकावयाचें, असा निवडीचा अधिकार मला कोणीं दिला, असें कोणी विचारील. तर तो नातीनें दिला, एवढेंच उत्तर माझ्यापाशीं आहे.

सहा महिन्यांच्या या आंकड्याला कारणही तसेंच आहे. मूल जन्माला येतांना आईकडून लोहाची शिदोरी बांधून आणतें. ती गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत सांठते, आणि पूर्ण दिवसांच्या मुलाला सुमारें सहा महिने पुरते. आईच्या दुधांत दुसरें सारें आहे, पण लोह अगदीं थोडें. शिदोरी संपत येते त्याच सुमारास मुलाची मान सांवरते, आधार दिला तर तें बसूं लागतें, जिभेवर येईल तें बाहेर लोटण्याची उपजत प्रतिक्रिया मंदावते, आणि तें दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून पाहूं लागतें. ही शेवटची गोष्ट कोणत्याही ग्रंथावांचून प्रत्येक आजीला कळते. मुलाचे डोळे घांसाबरोबर ताटापासून तोंडापर्यंत फिरूं लागले कीं ती म्हणते, 'आतां याला उष्टवायला हवें.'

विधि यथासांग पार पडला. चांदीच्या वाटींत तांदळाची खीर होती, मध अर्थात् नव्हता, आणि मामाची मांडी बंगळूरहून रजा काढून आली होती. मामानें आंगठीचें टोंक खिरींत बुडवून भाचीच्या जिभेला लावलें. तिनें प्रथम मामाकडे पाहिलें, मग आंगठीकडे पाहिलें, आणि खीर जिभेनें अशा कांहीं शांतपणें बाहेर लोटली कीं, परीक्षकानें उत्तरपत्रिकेवर भोपळा काढून ती बाजूला सारावी. त्यानंतर मुलापुढें पुस्तक, लेखणी, नाणीं इत्यादि वस्तु मांडून तें काय उचलतें हें पाहण्याची चाल आहे. पुस्तक माझें होतें. तिनें पाट पुसण्याचें फडकें उचललें.

आतां खऱ्या अडचणींना आरंभ झाला. दूध पिणें ही मुलाची जन्मजात विद्या आहे; गालाला स्पर्श झाला कीं तोंड वळतें, ओठांना कांहीं लागलें कीं चोखणें सुरू होतें. त्यांत संमतीचा प्रश्न येत नाहीं. चमच्याचें तसें नाहीं. चमच्यापुढें तोंड उघडणें किंवा मिटणें हें सर्वस्वीं मुलाच्या हातीं असतें, आणि आमची नात तें मिटीत असे. तीन आठवडे तिनें हा क्रम अभंग चालविला. ओठ घट्ट, मान उजवीकडे, आणि चमचा फारच जवळ आला तर एक फटका. एवढ्याशा जीवानें आयुष्यांत प्रथमच कांहीं तरी स्पष्टपणें नाकारलें होतें, आणि त्या नकारानें तीन मोठ्या बायकांच्या घरांत जी खळबळ माजली, तशी आमच्या महाविद्यालयांतील एकाही संपानें कधीं माजविली नव्हती.

मातोश्रींचें म्हणणें, मुलाला भरवावें लागतें. त्यांचें वय ऐंशी. तरीही त्या तिला पायांवर घेऊन बसत आणि चिऊचा घांस, काऊचा घांस अशी पांखरांची सारी जात संपेपर्यंत हार मानीत नसत. कन्येचें म्हणणें, मुलानें स्वतः खावें. इंग्लंडमधील गिल रॅप्ली नांवाच्या आरोग्यसेविकेनें ही पद्धति लोकप्रिय केली असून तिचें पुस्तक २००८ सालीं निघालें. तें कन्येच्या उशाशीं असे. मूल बसवावें, त्याच्यापुढें मऊ शिजलेल्या भोपळ्याच्या, रताळ्याच्या फोडी ठेवाव्यात, आणि आपण हात मागें घ्यावे. त्याप्रमाणें नात बसे, भोपळा केंसांना फांसी, रताळें मुठींत चिरडी, आणि त्यांतलें पोटांत काय गेलें याचा हिशेब कोणासच लागत नसे.

"अगो, ती खेळत्येय, जेवत नाहीं," मातोश्री म्हणत.

"आजी, तिला नको असेल तर राहूं दे ना. भूक तिला कळते."

"नको म्हणायला तिला काय कळतंय?"

या प्रश्नाचें उत्तर देण्याचा एक प्रयत्न पूर्वीं झालेला आहे. क्लारा डेव्हिस नांवाच्या अमेरिकन डॉक्टर बाईनें १९२६ पासून कांहीं वर्षें नुकत्याच अन्नाला लागलेल्या मुलांवर एक लांबलचक प्रयोग केला. चौतीस प्रकारचे साधे पदार्थ, न मिसळलेले, साखर न घातलेले, थाळींत मांडून मुलापुढें ठेवीत. दाई चमचा घेऊन शेजारीं बसे, पण मुलानें बोट दाखविल्यावांचून तिनें हालावयाचें नाहीं, आणि कौतुक किंवा निषेध कांहींच करावयाचा नाहीं. मुलांच्या जेवणाला कसलाही धरबंध नव्हता. एखादें मूल एका बैठकींत अंड्यांमागून अंडीं खाई, तर दुसरें केळ्यांवरच उपजीविका करी. तरीही पंधराच्या पंधरा मुलें धष्टपुष्ट झालीं. मुडदूस असलेल्या एका मुलापुढें माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता. बरें होईपर्यंत त्यानें तें आपण होऊन प्यालें, आणि मग सोडून दिलें. हा वृत्तांत मीं मोठ्या उत्साहानें घरांत सांगितला. कन्येला आनंद झाला. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "त्या चौतिसांत काय काय होतं?" आणि खरी मेख तेथेंच आहे. डेव्हिसबाईनेंही तें स्वच्छ लिहून ठेवलें आहे: युक्ति होती ती पदार्थांच्या यादींत. मुलें चुकलीं नाहींत, कारण चुकण्याजोगें कांहीं त्यांच्यापुढें ठेवलेंच नव्हतें.

यादी हाच मग आमच्या घरांतील वादाचा दुसरा विषय झाला, आणि तो पहिल्यापेक्षां गंभीर होता. मातोश्रींच्या यादींत होती भाताची पेज, मुगाच्या वरणाचें निवळ पाणी, आणि नाचणीचें सत्त्व. तींही जुन्या धोतराच्या फडक्यांतून गाळून. कन्येच्या यादींत मऊ भात, घट्ट वरण, तूप, दाण्याचें बारीक कूट, आणि अंडें. अंड्याचें नांव निघतांच सूत्रांतला तित्तिर पक्षी माझ्या जिभेवर आला होता, पण मीं तो गिळला. दाण्याच्या कुटानें पित्त होतें असा आक्षेप निघाला. दाण्यांची भीति मोठ्या डॉक्टरांनाही होती. ज्या मुलांना त्याची बाधा होण्याचा संभव अधिक, त्यांना ते वर्षानुवर्षें वर्ज्य सांगत. परंतु २०१५ मध्यें लंडन येथील एका अभ्यासानें दाखवून दिलें कीं अशाच मुलांना पहिल्या वर्षापासून दाणे खाऊं घातले तर ती बाधा पुष्कळच कमी होते. मात्र दाणा अखंड कधींही देऊं नये, तो घशांत अडकतो. जगाला याचा शोध लागेपर्यंत महाराष्ट्रांतील प्रत्येक स्वयंपाकघरांत कुटाचा डबा तयारच होता, हा केवळ योगायोग.

नाचणीच्या बाबतींत मात्र मीं मातोश्रींचा पक्ष घेतला, आणि तो प्रेमापोटीं नव्हे. त्या नाचणी रात्रभर भिजत घालीत, फडक्यांत बांधून मोड आणीत, सांवलींत वाळवून मंद भाजीत आणि दळीत. कोणतेंही पीठ पाण्यांत शिजलें कीं त्यांतील पिष्ट पाणी शोषून फुगतें व लापशी घट्ट होते. ती मुलाला गिळतां यावी म्हणून पाणी वाढवावें, तर वाटींत पीठ नांवापुरतेंच उरतें. पण धान्याला मोड आला म्हणजे त्यांत पिष्टाचे धागे कातरणारें एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें. असलें थोडें पीठ घट्ट, कोमट लापशींत घातलें कीं ती बघतां बघतां सैल होते, आणि तिच्यांतला कस मात्र जशाचा तसा राहतो. बडोद्याच्या विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८०नंतरच्या दशकांत याच तत्त्वावर संशोधन केलें. कोंकणांतल्या म्हाताऱ्या तें तत्त्व न जाणतां पाळीत आल्या होत्या. मोडाची रीत त्यांनीं उत्तम राखली. घोटाळा झाला तो फडक्यापाशीं.

सहा-सात महिन्यांच्या मुलाचें पोट म्हणजे फार तर एक लहान वाटी. वजनाच्या दर किलोमागें तीस मिलिलिटर असा ढोबळ हिशेब आहे. त्या वाटींत वरणाचें पाणी भरलें तर मूल तृप्त दिसतें, ढेंकर देतें, झोंपीही जातें. पण त्याला मिळालें काय, तर कोमट पाणी व डाळीची आठवण. म्हणून आजचे वैद्य सांगतात कीं अन्न चमच्यावरून ओघळूं नये इतकें दाट असावें, आणि त्यावर तुपाची धार असावी. ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं आपल्या देशांत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं शंभरांत सुमारें अकराच आहेत. दारिद्र्य हें याचें मोठें कारण आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत मोठ्यांच्या ताटांत भाकरी, आमटी व भाजी रोज पडते, त्याही घरांत पाळण्यांतलें मूल पातळ पेजेवर दिवस काढीत असतें. त्याला कोणी उपाशी ठेवीत नाहीं. त्याला जपत असतात.

या जपण्याचा उगम कोठें आहे, तें मी आमच्या घरापुरतें सांगूं शकतों.

मला एक वडील भाऊ होता. मीं त्याला पाहिलेलें नाहीं. १९६६ सालीं, कोंकणांतील आमच्या गांवीं, तो आठव्या महिन्यांत असतांना भाद्रपदांत त्याला जुलाब सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशीं तो गेला. डॉक्टर खाडीपलीकडे होता आणि होडी चालूं नव्हती. पोटाला विश्रांति पाहिजे म्हणून जाणत्यांनीं त्याचें अन्न तोडावयास सांगितलें, आणि मग पाणीही. आई तेव्हां एकवीस वर्षांची होती. तिनें ही गोष्ट आम्हां भावंडांना उभ्या आयुष्यांत दोन-तीनदांच सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळीं एकाच वाक्यानें संपविली: "दांतांनीं नेला त्याला." त्याचा पहिला दांत त्याच आठवड्यांत फुटला होता.

दोन वर्षांनीं मी झालों. माझें उष्टावण विधीपुरतें झालें, परंतु पहिला घट्ट घांस मला मिळाला तो वर्ष उलटल्यावर. तोंपर्यंत जें कांहीं माझ्या पोटांत गेलें तें सारें फडक्यांतून गाळून गेलें. त्या वयांतील माझें एक छायाचित्र आहे. त्यांत डोळे तेवढे मोठे दिसतात. पातळ अन्न बाधत नाहीं, पातळ अन्न पचतें, एवढेंच आईला त्या भाद्रपदानें शिकविलें होतें. नातीच्या वाटीवर तिनें फडकें धरलें कीं कन्येला तो अडाणीपणा वाटे. मला त्या फडक्यांत माझा भाऊ दिसे.

दांतांनीं मूल जातें, ही समजूत कांहीं कोंकणापुरती नव्हती. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या मृत्यूंच्या सरकारी नोंदींत दांत येणें हें मृत्यूचें एक रीतसर कारण म्हणून लिहिलें जात असे, आणि दांताला वाट मिळावी म्हणून डॉक्टर तान्ह्या हिरड्यांना चीर देत. आज आपण जाणतों कीं दांतांनीं कोणी मरत नाहीं. ज्या महिन्यांत दांत येतात त्याच महिन्यांत मुलाच्या तोंडांत वरचें अन्न जाऊं लागतें, त्याबरोबर विहिरीचें पाणी जातें, सारवलेल्या जमिनीवर रांगणारे हात जातात, आणि गर्भांत असतांना आईकडून मिळालेली रोगांविरुद्धची ढाल नेमकी तेव्हांच झिजत असते. दांत दिसत होता, जंतु दिसत नव्हते. म्हणून दोष दांताला आला. आणि जुलाबांनीं मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यानें. पुढें १९७१ मध्यें बांगला देशाच्या निर्वासितांमध्यें पटकीची सांथ पसरली, तेव्हां बनगांवच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनीं लिटरभर पाण्यांत बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा घालून तें पाणी आयांच्या व भावांच्या हातीं दिलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या घरांतून चाराच्या आंत आलें. साखर, मीठ आणि पाणी. माझ्या भावाचा भाद्रपद आणि बनगांव यांच्यामध्यें पांच वर्षें होतीं, आणि त्या तिन्ही जिनसा आईच्या फडताळांत त्या तीनही दिवशीं होत्या.

हें सर्व मला पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. आईला मीं तें कधींही सांगितलें नाहीं. ठाऊक असलेलें सांगणें हा माझा धंदा आहे, आणि विद्यार्थ्यांपासून मीं कोणतेंही अप्रिय सत्य राखून ठेवलें नाहीं. शेली व कीट्स यांच्याविषयींचीं तर अनेक. परंतु दांत हें देवाचें कृत्य आहे. पाणी मात्र विहिरीचें असतें, तें कोणी तरी शेंदलेलें असतें, आणि वाटी कोणाच्या तरी हातांत असते. ऐंशी वर्षांच्या बाईला हा कार्यकारणभाव समजावून कोणाचें काय भलें होणार होतें? म्हणून घरांतल्या वादांत कन्या जेव्हां जेव्हां जुन्या समजुतींवर बोलूं लागे, तेव्हां मी वर्तमानपत्राचा विषय काढीत असें.

चौथ्या आठवड्यांत नातीनें आपला निर्णय फिरविला, आणि तो कोणत्याही पक्षाच्या म्हणण्याला मान देऊन नव्हे. आम्ही जेवावयास बसलों होतों. ती मातोश्रींच्या शेजारीं होती. त्यांनीं मेतकूट-भात कालविला होता, दांत नसल्यामुळें अगदीं मऊ, वर भरपूर तूप. नातीनें वांकून त्या ताटांत हात घातला, मूठ भरली आणि ती सरळ तोंडांत नेली. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेंत १९९१ मध्यें असें दिसून आलें होतें कीं आईनें लसूण खाल्ली तर तिचा वास दुधांत उतरतो, आणि मूल त्या दुधाला नाक न मुरडतां अधिक वेळ चोखतें. बाळंतिणीच्या जेवणांतून आमच्या घरच्या हिंगाची व मेथीची ओळख या मुलीला अशीच आधीं झाली असावी. खीर तेवढी परकी होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. मातोश्रींनीं ताट तिच्याकडे जरासें सरकविलें आणि स्वतःचा हात थांबविला. गाळण्याचें फडकें त्यानंतर हळूहळू स्वयंपाकघरांतून दिसेनासें झालें. कोणीं काढलें तें मीं विचारलें नाहीं. अंड्याचा प्रश्न मात्र अद्याप विचाराधीन आहे.

भरविण्याचेंही मग एक वळण पडलें. मातोश्री चमचा पुढें करीत आणि थांबत. नात तोंड उघडी किंवा न उघडी. एक भाजी आठ-दहा वेळां पुढें आल्यावांचून मूल तिला आपली म्हणत नाहीं, हें कन्येनें सांगितलेलें त्यांनीं मनावर घेतलें आणि दुध्या भोपळ्याचा पिच्छा अकरा दिवस पुरविला. अकराव्या दिवशीं तो पोटांत गेला. आपल्या चिकाटीचा त्यांना इतका अभिमान वाटला कीं शेजारणींस बोलावून त्यांनीं तो वृत्तांत सांगितला.

आठवा महिना पावसाळ्यांतच आला. एके दिवशीं दुपारीं मातोश्री नातीला वरण-भात देत असतां चमचा आंत कशावर तरी लागून टक् असा वाजला. आम्हां सर्वांना तो आवाज ऐकूं आला. कन्या धांवली, तिनें बोट घालून पाहिलें, खालच्या हिरडीला एक पांढरी कड होती. मग पेढे आणण्याच्या गोष्टी निघाल्या, मामाला दूरध्वनि गेला. मातोश्रींनीं उरलेला भात तसाच ठेवला आणि त्या उठल्या. त्या रात्रीं त्यांच्या खोलींतला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

सकाळीं मी स्वयंपाकघरांत चहासाठीं गेलों, तेव्हां त्या ओट्यापाशीं उभ्या होत्या. कन्या मुलीची वाटी धूत होती.

"पाणी उकळलंस ना गो?" त्यांनीं विचारलें.

"हो आजी. रोजच उकळतें."

"चांगलं खळखळून?"

"हो."

त्यांनीं पातेल्यावरचें झांकण उचललें, आंत पाहिलें, आणि गॅस पुन्हां पेटवून तें पाणी दुसऱ्यांदा उकळावयास ठेवलें.